ऑफिसचा फोन घरी येतो तेव्हा

ऑफिसातल्या टेलिफोनला 'एक्स्टेंशन' असतात हे आपल्याला ठाऊकच आहे. बाहेरचा फोन एकाच नंबरावर येतो आणि मग आतल्या दोनतीन आकडी नंबरावर जोडून दिला जातो. पण छत्रपती संभाजीनगरच्या ऑफिसातलं असं एक्स्टेंशन शंभरावर किलोमीटर दूर, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी सोयगावातल्या घरात, धान्याच्या कोठीशेजारच्या टेबलावर वाजू लागलं तर? आज ते सहज शक्य आहे. २०२०च्या टाळेबंदीत घरून कामाची पद्धत पडली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारनं कॉल सेंटरसारख्या कामांचे नियम सैल करून घरून फोन घेण्याला मोकळीक दिली. तालुक्याच्या गावी संसार सांभाळणाऱ्या सुशिक्षित बाईला ही संधी मोठी आहे. मात्र यंत्र आपल्या ताब्यात हवं. जरा काही बिघडलं की 'हे आल्यावर बघतील' म्हणून बसून राहिलात, तर नोकरी टिकायची कशी?

हे चालतं कसं?

पूर्वी ऑफिसातल्या पेटीपासून, म्हणजे ईपीएबीएक्सपासून, प्रत्येक टेबलापर्यंत तांब्याच्या तारांची जोडी ओढलेली असे. लांबच्या एक्स्टेंशनला आता अशी तार लागत नाही. घरातलं यंत्र, किंवा मोबाइलमधलं ॲप, इंटरनेटवरून ऑफिसच्या यंत्राला आपली ओळख सांगतं: 'मी अमुक नंबरचं एक्स्टेंशन, हा माझा पासवर्ड.' ही नोंदणी ते ठरावीक वेळानं पुन्हा करीत राहतं. नोंदणी झाली की ऑफिसच्या लेखी तुम्ही शेजारच्याच खोलीत असता.

वापरणं सोपं आहे. ऑफिसातल्या माणसाला त्याच्या आतल्या नंबरावर थेट फोन करा. बाहेर करायचा तर आधी बहुतेक ठिकाणी शून्य, काही ठिकाणी नऊ दाबावा लागतो. आलेला फोन दुसऱ्याला द्यायचा तर 'ट्रान्स्फर'चं बटण, मग त्याचा नंबर, तो बोलला की आपण ठेवायचं. तो बोलायच्या आधीच ठेवलात आणि तिकडे कुणी उचललं नाही, तर गिऱ्हाईक ताटकळत राहतं आणि बोल लागतो तुम्हाला. बाकीचे आकडे प्रत्येक यंत्राचे निराळे असतात. ते ऑफिसकडून लिहून घ्या.

फोन बंद पडला तर

घाबरू नका आणि दिसेल ते बटण दाबू नका. स्वयंपाकात कसं, गॅस पेटत नसेल तर आधी सिलिंडर बघतो, मग रेग्युलेटर, मग बर्नर. तसंच क्रमानं जा.

पहिली वीज. जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालायचा. आता मोडेमला घरची वीज लागते; वीज गेली की तुमचं ऑफिसही गेलं! मोडेम आणि फोन दोन्ही चालतील असा छोटा यूपीएस घ्या, आणि त्याचा खर्च ऑफिसकडे मागायला संकोचू नका. ऑफिसचंच काम आहे ते.

दुसरं इंटरनेट. फायबरच्या मोडेमवर एल-ओ-एस अक्षरांचा दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून उजेडच येत नाही. तिथे आपल्या हातात काही नाही, कंपनीकडे तक्रार नोंदवा. ती बारीक तार काचेची असते. कपाटामागे दाबली जाऊ देऊ नका, घडी तर मुळीच घालू नका.

तिसरी नोंदणी. इंटरनेट चालतंय, पण फोनवर 'नोंदणी नाही' अशा अर्थाची सूचना दिसते? मोडेम आणि फोन दोन्ही बंद करून मिनिटभरानं आधी मोडेम, मग फोन चालू करा. तरीही नाही झालं तर मोबाइलवरून ऑफिसचा मुख्य नंबर फिरवा. तोही लागत नसेल तर बिघाड बहुधा तिकडेच आहे. तो लागत असेल, तर पासवर्ड बदललाय का ते विचारा.

नोंदणी ठीक आहे, पण घंटीच वाजत नाही? 'डू नॉट डिस्टर्ब' किंवा फोन दुसरीकडे वळवण्याची सोय चुकून चालू राहिली नाही ना, ते पाहा. घरात लहान मूल असेल तर हे कारण आधी तपासा, बरं का!

चौथा आवाज. आवाज तुटत असेल तर मुलांचे व्हिडिओ थांबवा आणि फोन वायफायऐवजी तारेनं मोडेमला जोडून बघा. आपलाच आवाज परत येत असेल तर स्पीकर बंद करून रिसीव्हर कानाला लावा. आवाज एकाच बाजूनं जातो, किंवा फोन दर वेळी बरोब्बर अर्ध्या मिनिटानं तुटतो, या तक्रारी मोडेमच्या किंवा ऑफिसच्या यंत्राच्या मांडणीच्या असतात. तंत्रज्ञाला नुसतं 'फोन नीट चालत नाही' असं न सांगता हेच शब्द सांगा. त्याचं निम्मं काम होतं.

दोन गोष्टी कधीच विसरू नका

या फोनवरून केलेला कॉल ऑफिसच्या नंबरावरून निघतो. घरात सासऱ्यांच्या छातीत कळ आली आणि घाईघाईनं हाच फोन उचलून १०८ किंवा ११२ फिरवलात, तर पलीकडे ऑफिसचा नंबर दिसेल. बोलता बोलता फोन तुटला, तर मदत शंभर किलोमीटर दूरच्या पत्त्यावर शोधली जाईल! म्हणून अशा वेळी आपला मोबाइलच वापरा. तो हाताशी नसेल, तर पहिल्याच वाक्यात गाव, तालुका, घराची खूण सांगा. हे घरातल्या मोठ्या मुलांनाही शिकवून ठेवा.

दुसरी गोष्ट पासवर्डची. तो हाती लागला तर कुणीही रात्रीतून ऑफिसच्या खात्यावर परदेशी फोन करू शकतो, आणि बिल आलं की सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. सोपा पासवर्ड दिला असेल तर बदलून मागा, आणि फोनवर चिकटवून ठेवू नका.

आणि हो, वेळेचं बोला. १८७८ साली अमेरिकेतल्या बोस्टनला एमा नट ही पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर झाली. तेव्हापासून फोनवरची शांत, समजूतदार बाई सगळ्यांना हवीशी वाटते. पण तीही पाळी संपली की घरी जायची. आपला फोन घरातच असल्यामुळे रात्री नऊलाही वाजतो, आणि 'घरीच तर असतेस' म्हणून दिवसा दारची बेलही आपणच उघडायची! कामाचे तास ऑफिसला सांगा आणि घरच्यांनाही सांगा. तास संपले की 'डू नॉट डिस्टर्ब' दाबा. ते बटण त्यासाठीच दिलेलं आहे.

आज दुपारी एक जाड कागद घ्या. त्यावर ऑफिसचा मुख्य नंबर, तंत्रज्ञाचा नंबर, इंटरनेट कंपनीचा तक्रार नंबर आणि वरचा क्रम लिहा: वीज, इंटरनेट, नोंदणी, आवाज. कागद फोनशेजारी ठेवा. पुढच्या वेळी फोन मुका झाला, तर कुणाची वाट बघावी लागणार नाही.