अपडेट येऊ द्या, पण आपल्या वेळेला

२०२५ साली गणपतीच्या तोंडावर आमच्या दुकानात एकाच दुखण्याची गिऱ्हाइकं यायला लागली. फोन वाजतो, पण उचलता येत नाही. बार्शीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेला डिस्प्ले, फुगलेली बॅटरी, चार्जिंगची ढिली पिन हे रोजचंच. पण या फोनांना झालेलं काहीच नव्हतं. एक काकू तर रडकुंडीला आल्या होत्या. "मी काही दाबलं नाही रे बाबा. रात्री झोपताना नीट होता. पोरगं पुण्याहून फोन करतंय आणि मी नुसतीच वर सरकवतेय, उचललाच जाईना." त्यांच्या मागं उभ्या असलेल्या तात्यांनी तपासणीआधीच निदान करून टाकलं, "हॅक झालाय. आधी बँकेत जावा."

हॅक वगैरे काही नव्हतं. गूगलनं आपल्या 'फोन' या अ‍ॅपचं रूप बदललं होतं. आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या फोनांत कॉल करायला हेच अ‍ॅप असतं, फोनच्या पाठीवर नाव कुणाचंही असो. आधी कॉल घ्यायला बोट खालून वर न्यावं लागे, आता आडवं. 'फेव्हरिट' आणि 'रीसेंट' अशा दोन जागा होत्या, त्या 'होम' नावाखाली एकत्र केल्या. प्ले स्टोअरवर आपोआप अपडेटचं बटण बहुतेकांचं पहिल्यापासून चालूच असतं, त्यामुळं नवं अ‍ॅप गुपचूप येऊन बसलेलं. त्यातून अशी नवी रूपं कंपनी आपल्या सर्व्हरवरून टप्प्याटप्प्यानं चालू करते. म्हणून एकाच घरात सासऱ्यांचा फोन बदलला आणि सुनेचा जुनाच राहिला, असेही प्रकार झाले.

काकूंचं काम दोन मिनिटांचं होतं. फोन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'इनकमिंग कॉल जेश्चर' म्हणून एक जागा आहे. तिथं 'सिंगल टॅप' निवडलं की सरकवासरकवी संपते, दोन बटणं दिसतात, हवं ते दाबायचं. ज्यांना जुनंच रूप हवं होतं त्यांचं अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरून 'अ‍ॅप इन्फो'त गेलो आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' केलं. पण अशानं त्या अ‍ॅपमधल्या दुरुस्त्याही मागं जातात. म्हणून हा उपाय कायमचा मी सुचवत नाही.

खरी पंचाईत पुढंच होती. भडकलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, "हे अपडेटचं खूळच बंद करून दे. सगळं बंद." मी ते करून देत नाही.

नव्या रंगाचे गोल गोल आयकॉन मलाही नको असतात. पण त्याच पुडक्यात दुसरंही काहीतरी येतं. जुलै २०१५ मध्ये जोशुआ ड्रेक नावाच्या संशोधकानं अँड्रॉइडमधलं एक भगदाड जगासमोर आणलं. चित्रफिती आणि आवाज चालवणाऱ्या एका भागात ते होतं, त्या भागाचं नाव स्टेजफ्राइट. समोरच्याचा नुसता नंबर माहीत असला तरी पुरे. खोट घातलेला एक एमएमएस पाठवायचा, तो उघडायचीही गरज नाही. त्याच्या कंपनीच्या अंदाजानं ९५ कोटी फोन या धोक्यात होते. दुसऱ्याच महिन्यात गूगलनं दर महिन्याला सुरक्षेची दुरुस्ती देण्याचं जाहीर केलं, सॅमसंगनंही केलं. आज फोनवर जो 'सिक्युरिटी पॅच' येतो त्याचं मूळ हे. आणि दुरुस्ती जाहीर झाली की भगदाड कुठं होतं हे चोरांनाही कळतं. त्या दिवसापासून ज्यानं दुरुस्ती घेतली नाही तो जास्त उघडा.

फोनवर अपडेट येतात ते एकाच वाटेनं नाही, हे गिऱ्हाइकाला समजावण्यात माझा बराच वेळ जातो. व्हॉट्सअ‍ॅप, बँक, नकाशा ही अ‍ॅपं प्ले स्टोअरमधून येतात. अख्ख्या फोनचं सॉफ्टवेअर फोन बनवणारी कंपनी पाठवते, त्याला वेळ लागतो, आणि स्वस्तातल्या फोनला तर फारच लागतो. तिसरी वाट बहुतेकांना माहीतच नसते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही भाग गूगल थेट दुरुस्त करतं, फोन कंपनीची वाट न बघता. सेटिंगमध्ये 'गूगल प्ले सिस्टीम अपडेट' अशी ओळ दिसते ती हीच. ती अधूनमधून स्वतः दाबून बघावी, कारण फोन बंद करून चालू केल्याशिवाय ती दुरुस्ती लागू होत नाही आणि आपण महिनोन्महिने फोन बंदच करत नाही.

आता मी गिऱ्हाइकाच्या फोनवर काय लावून देतो ते सांगतो. अ‍ॅपं वायफायवरच अपडेट होऊ देतो. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून सेटिंग, मग नेटवर्क प्रेफरन्सेस, तिथं ही निवड आहे. एखादं अ‍ॅप रूप बदलून डोक्याला ताप देणारं असेल तर त्या एकट्याचं आपोआप अपडेट बंद करता येतं. प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांत ती खूण असते. बँकेचं, यूपीआयचं, व्हॉट्सअ‍ॅपचं आणि क्रोमचं मात्र कधीही बंद करू नये. यावर मी वाद घालत नाही.

वायफायमध्ये एक मेख आहे, आणि ती खेड्यापाड्यात जास्त टोचते. घरात वायफाय नाही, मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट आहे. वडिलांच्या फोनला तो हॉटस्पॉट कधीकधी साधं वायफायच वाटतो. दोन जीबीचा अपडेट सुरू होतो आणि मुलाचा दिवसाचा दीड जीबी सकाळी नऊलाच संपतो. मग मुलगा सिम कंपनीला शिव्या घालत दुकानात येतो. वायफायच्या यादीत त्या हॉटस्पॉटच्या नावापुढच्या चाकावर दाबून तो 'मीटर्ड' करून ठेवला की मोठे डाउनलोड थांबतात. हे एवढंसं बटण, पण कुणालाच माहीत नसतं.

अख्ख्या सॉफ्टवेअरच्या अपडेटला मी डाउनलोड होऊ देतो, पण रीस्टार्टची वेळ गिऱ्हाइकानं ठरवावी असं सांगतो. रात्री दोनला फोन आपला आपण बंद होऊन चालू झाला, की सकाळी बोटाचा ठसा घेत नाही, पिन मागतो. तो पिन टाकेपर्यंत आतली बरीच माहिती कुलपातच असते. कॉल येतो, पण नाव न दिसता नुसता नंबर दिसतो. व्हॉट्सअ‍ॅप गप्प. फोनसोबत आलेलं घड्याळ सहसा वाजतं, बाहेरून घेतलेलं गजराचं अ‍ॅप वाजेलच याची खात्री नाही. पहाटेची ड्यूटी असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन रीस्टार्टच्या वेळी लागणारा अपडेट बंद करता येतो, यूट्यूबवर पोरं तेच शिकवतात. पण ते ऑप्शन्स चालू दिसले की काही बँकांची अ‍ॅपं उघडतच नाहीत. त्या वाटेला न गेलेलं बरं.

मोठं व्हर्जन, म्हणजे अँड्रॉइडचा आकडाच बदलणारा अपडेट, आठ-पंधरा दिवस थांबवला तर काही बिघडत नाही. तोवर इतरांचे अनुभव कळतात, कंपनीही चुका निस्तरते. एकदा टाकला की मागं फिरणं अवघड असतं. अनेक फोनांत जुनं सॉफ्टवेअर परत चढवायला कुलूपच घातलेलं असतं, आणि जिथं चढतं तिथं फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटोंचा बॅकअप आधी घ्या असं मी ओरडून सांगतो ते यासाठी. पूर्वी अपडेट चालू असताना बॅटरी संपली की फोन कंपनीच्या लोगोवर अडकायचा आणि आमच्या टेबलावर यायचा. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून दुहेरी जागेची सोय आली. नवं सॉफ्टवेअर मागच्या मागं दुसऱ्या जागेत बसतं, रीस्टार्टला फोन तिकडं जातो, नाही जमलं तर जुन्यावर परत येतो. सगळ्या कंपन्यांनी ती लगेच घेतली नाही, सॅमसंगला तर २०२४ उजाडलं. म्हणून निम्म्याहून जास्त चार्जिंग असल्याशिवाय अपडेट लावू नये, हा नियम अजून सोडायचा नाही.

आयफोनवाल्यांचं थोडं सुटसुटीत आहे. सेटिंग, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, तिथं डाउनलोडचं बटण वेगळं आणि बसवण्याचं वेगळं. २०२२ च्या आयओएस १६ पासून तातडीच्या सुरक्षा दुरुस्त्यांचीही वेगळी सोय आली. खरं तर प्रत्येक फोनवर असंच हवं: सुरक्षा आपोआप, रंगरंगोटी विचारून. माणसं अपडेटला घाबरतात ती रंगरंगोटीमुळं, आणि त्या भीतीपोटी सुरक्षाही नाकारतात. यात दोष गिऱ्हाइकाचा नाही, दोन्ही एकाच पुडक्यात बांधणाऱ्यांचा आहे.

"अपडेटनं फोन स्लो होतो, हा कंपन्यांचा कावाच आहे," हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस जात नाही. संशयाला आधार आहे. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरनं त्यांचा वेग उतरवल्याचं अ‍ॅपलनं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. आधी गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं, राग त्याचा होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये अपडेटच्याच प्रकरणावरून इटलीनं अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला. पण माझ्या टेबलावर येणारे स्लो फोन बहुतेक वेळा तुडुंब भरलेले असतात. बत्तीस जीबीची जागा, त्यात तीन वर्षांचे 'शुभ सकाळ'. ते काढले आणि बॅटरी बदलली की फोन पळतो. शिवाय अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतली मांडामांड करत असतो, थोडा तापतो, चार्जिंग लवकर उतरतं. तेवढं थांबून मग तक्रार करावी.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अपडेट येत नसतो. कधीच नाही. 'आरटीओ चलन', 'पीएम किसान', 'केवायसी अपडेट' अशा नावाच्या, शेवटी एपीके लिहिलेल्या फायली ओळखीच्या नंबरावरूनही येतात, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच फसलेला असतो. ती फाइल बसवली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि मग बँकेचा ओटीपी चोराला आपल्याआधी दिसतो. चुकून बसवलीच तर आधी फोनचं नेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून १९३० लावायचा, मग बँकेला कळवायचं.

नवा फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारता, तसं अपडेट किती वर्षं मिळणार हेही विचारा. गूगलनं पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षं कबूल केली आहेत. युरोपात जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट देण्याचा नियमच आहे. हातात आहे त्या फोनचं बघायचं असेल तर सेटिंग, 'अबाउट फोन', अँड्रॉइड व्हर्जन, तिथं 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख असते. ती दोन वर्षांपूर्वीची असेल आणि नवं काही येत नसेल, तर तो फोन गाण्यांना आणि बातम्यांना ठेवा. बँक आणि यूपीआय दुसऱ्या फोनवर न्या.