‘ते देउम’ स्तोत्रांतील एक पाठभेद

ख्रिस्ती उपासनेंत सुमारें पंधराशें वर्षें गाइलें जाणारें ‘ते देउम’ हें लॅटिन स्तोत्र आपल्या आद्य शब्दांनींच ओळखलें जातें. सन ३८७ त मिलान येथें संत अँब्रोजनें ऑगस्टिनास बाप्तिस्मा दिला, तेव्हां त्या दोघांनीं आळीपाळीनें एकेक चरण उत्स्फूर्त म्हणून तें रचिलें, अशी आख्यायिका आहे. कथा रम्य खरी. परंतु ती उत्तरकालीन असून ऑगस्टिनाच्या आत्मकथनांत तिचा मागमूस नाहीं. कांहीं आयरिश पोथ्या निकेता हें नांव देतात. त्यावरून १८९४ त मोरँ या पंडितानें रेमेसियानाचा बिशप निकेता यास कर्ता ठरविलें. तो वाद मिटलेला नाहीं.

आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो एका क्रियापदाचा. स्तोत्राच्या उत्तरार्धांत भक्तांसाठीं एक याचना आहे. छापील पाठांत तेथें ‘नुमेरारी’ म्हणजे ‘गणना होणें’ असें आहे. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथांतील भाषांतरही त्यासच अनुसरतें. जुन्या पोथ्यांत मात्र ‘मुनेरारी’, म्हणजे ‘पारितोषिक लाभणें’, असा पाठ आहे. आयर्लंडांत बँगोर येथें सातव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली व आज मिलानच्या अँब्रोजीय ग्रंथालयांत असलेली पोथी हाच पाठ देते.

हा बदल कसा झाला? दाट लॅटिन लेखनांत ‘म’ चे तीन उभे दंड, ‘न’ चे दोन व ‘उ’ चे दोन. दोन्ही शब्दांच्या आरंभीं सातच दंड येतात. ते कोठें तोडावे एवढाच प्रश्न! आपल्या पोथ्यांतील घ-ध, च-व यांचा घोटाळा वाचकांस ठाऊक आहेच. पुढें प्रचलित पाठांत ‘मध्यें’ या अर्थाचें एक अव्ययही शिरलें. एक अक्षर ढळलें म्हणजे शेजारचे शब्द त्याची सोय पाहतात, ती अशी.

अर्थांत फरक लहान नाहीं. गणनेंत भक्त संतांच्या पंक्तीस बसतो. मूळ पाठांत शाश्वत वैभव हीच त्यास मिळणारी देणगी होय.

आम्हींही अध्यापनकाळीं छापील प्रतीसच प्रमाण मानीत आलों. म्हणून संग्राहक मित्रांस एवढीच विनंती, कीं ग्रंथ छापला गेला आहे एवढ्या कारणावरून जीर्ण पोथी टाकूं नये.