एका बरणीच्या दोन किमती

मार्च 2025 मध्ये वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने झटपट घरपोच माल देणाऱ्या ब्लिंकिट, इन्स्टामार्ट आणि झेप्टोविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तिच्यातलं एकच उदाहरण पुरे: नेसकॅफेची जी बरणी छोट्या दुकानदाराला 622 रुपयांना पडते, ती झेप्टोवर गिऱ्हाइकाला 514 रुपयांत मिळत होती. वाण्याने वितरकाची एजन्सी सोडून फोनवरूनच माल मागवला असता, तर त्याचेच शंभरावर रुपये वाचले असते!

दुखणं जुनंच. 1969 चा मक्तेदारीविरोधी कायदा आला नि गेला, 2002 मध्ये स्पर्धा कायदा झाला, 2012 मध्ये किरकोळ व्यापारातल्या परकी गुंतवणुकीवरून संसद दणाणली. वॉलमार्ट येणार, वाणी मरणार, अशी हाकाटी झाली. वाणी काही मेला नाही.

वितरकांची खरी पडझड सुरू झाली ती 2019 च्या अखेरीपासून. रिलायन्सच्या जिओमार्टने नवी मुंबई, ठाणे, कल्याणमध्ये चाचपणी केली आणि पुढे थेट किराणा दुकानदारालाच माल पुरवायला घेतला. तोवर साखळी ठरलेली होती. एजन्सीचा सेल्समन ठरल्या वारी यायचा, ऑर्डर लिहून न्यायचा, मागाहून टेम्पो माल टाकायचा, पैसे पुढच्या फेरीला. आता दुकानदार मोबाइल त्याच्यापुढे धरू लागला: इथे भाव बघ, तू काय देतोस? तो बिचारा काय देणार! भाव त्याच्या मालकाच्याही हातात नव्हता. आपल्याकडून दुकानदाराला 8 ते 12 टक्के सुटतात, हे बडे ऑनलाइन पुरवठादार 15 ते 20 टक्के देतात, असं महासंघ कंपन्यांना लिहून कळवत होता.

याच तफावतीवरून जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी असहकार पुकारला आणि कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा रोखला. कंपनी चर्चेला बसली, आंदोलन निवळलं. पुढच्याच वर्षी घाऊक विक्री करणाऱ्या मेट्रो कॅश अँड कॅरीने भारतातला धंदा रिलायन्सला 2,850 कोटींना विकून गाशा गुंडाळला. घाऊक बाजारातला एक तगडा भिडू कमी झाला, आणि आयोगाने त्या सौद्याला मंजुरीही दिली.

गिऱ्हाईक खूश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न कायद्याचा आहे. स्पर्धा कायद्याच्या कलम 4 नुसार खर्चाहून कमी भावाने विकणं गैर ठरतं, ते विकणाऱ्याचं बाजारात वर्चस्व सिद्ध झालं तरच. तिघेचौघे एकाच वेळी तोटा सोसत असतील, तर वर्चस्व म्हणायचं कोणाचं? छोट्यांनी एकी केली की मात्र संगनमताचं कलम 3 हजर. औषधविक्रेत्यांच्या संघटनांना बहिष्काराच्या धमक्यांबद्दल आयोगाने याच कलमाखाली दंड ठोठावले आहेत.

मे 2025 मध्ये आयोगाने उत्पादनखर्च कसा मोजायचा याचे नवे नियम काढले. वर्चस्वाची अट होती तिथेच आहे.