साथीच्या रोगातील सेवा : प्रेम आणि दक्षता

जीवघेण्या साथीत रुग्णांना सोडून न गेलेल्या मिशनरी डॉक्टरांचे व धर्मभगिनींचे गुणगान आपण प्रवचनांतून वारंवार करतो. ते उचितच आहे. परंतु गुणगानापाशीच थांबल्यास त्यांच्या मरणातून मिळणारा बोध अपुरा राहतो. सेवकाने स्वतःचा जीव धोक्यात घालणे आणि रुग्णाचा जीव धोक्यात घालणे, यांत धर्मदृष्ट्या मोठे अंतर आहे. हे अंतर आफ्रिकेतील इबोलाच्या तीन साथींच्या आधारे आम्ही येथे स्पष्ट करू इच्छितो.

इबोला हा विषाणुजन्य रोग आहे. रुग्णाचे रक्त, वांती, जुलाब इत्यादींच्या प्रत्यक्ष संपर्कातून तो पसरतो आणि मृत्यूनंतरही देहात त्याचे विषाणू राहतात. म्हणून रुग्णाची शुश्रूषा करणारे आणि प्रेताला स्नान घालणारे यांनाच तो विशेषेकरून गाठतो.

१९७६ साली तेव्हाच्या झैरे देशातील यांबुकू या खेड्यात या रोगाची मोठी साथ उद्भवली. तेथे बेल्जियन धर्मभगिनींचे १२० खाटांचे मिशन रुग्णालय होते. रुग्णांची रीघ मोठी आणि साधने तुटपुंजी, अशी तेथील स्थिती होती. बाह्यरुग्ण विभागासाठी रोज सकाळी पाच सिरिंजा काढल्या जात व दिवसभर त्याच, कोमट पाण्यात विसळून, एकामागून एकास वापरल्या जात. तापाच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांनाही इंजेक्शने अशीच मिळत. त्या साथीत ३१८ रुग्णांपैकी २८० दगावले. रुग्णालयाच्या १७ सेवकांपैकी ११ मरण पावले. मृतांत धर्मभगिनीही होत्या. केवळ इंजेक्शनातून ज्यांना रोग जडला त्यांपैकी एकही वाचला नाही, असे पुढे चौकशीत आढळले. रुग्णालय बंद झाल्यावर साथ ओसरू लागली.

त्या भगिनींच्या प्रेमाविषयी शंका घेण्यास जागा नाही. रोग अज्ञात होता. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तरीही सत्य हे की, हेतूच्या शुद्धतेने सुई शुद्ध होत नाही.

१९९५ साली त्याच देशात किक्वीट येथे पुन्हा साथ आली. इटलीतील बेर्गामो येथील संघाच्या सहा धर्मभगिनी रुग्णांची, आणि आपल्यातील आजारी भगिनींचीही, सेवा करीत एकामागून एक निवर्तल्या. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी या सहाही जणींच्या सद्गुणांना वीरोचित म्हणून मान्यता दिली.

२००० साली युगांडातील गुलू येथे साथ आली, तेव्हा तेथील लाकोर मिशन रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुक्विया होते. रोगाचे नाव निश्चित होण्यापूर्वीच त्यांनी रुग्णांसाठी वेगळा कक्ष उघडला आणि हातमोजे, मुखपट्टी, झगा यांची शिस्त लावली. परिचारिका मरू लागल्या तेव्हा सहकारी भयभीत झाले. परंतु ते स्वतः तेथेच राहिले. ५ डिसेंबर २००० रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. युगांडातील त्या साथीत ४२५ रुग्ण आढळले व २२४ मृत्यू पावले. यांबुकूच्या मानाने हे प्रमाण पुष्कळच कमी आहे. तेथील विषाणूची जात वेगळी होती हे एक कारण. परंतु रुग्णांना वेळीच वेगळे ठेवल्याने अनेक घरे वाचली, हेही तितकेच खरे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात या दोन्ही बाजू एकत्र आढळतात. चौथ्या अध्यायात प्रभू मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास नकार देतो. देवाची परीक्षा पाहणे तो नाकारतो. आठव्या अध्यायात तोच प्रभू हात पुढे करून कुष्ठरोग्याला स्पर्श करतो. पहिल्या प्रसंगात शेजाऱ्याचे काहीच हित नव्हते, दुसऱ्यात होते. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला सर्व नैतिक सद्गुणांचा मार्गदर्शक मानले, त्याचे मर्म येथे दिसते. आपला प्राण अर्पण करण्याचा अधिकार सेवकाला आहे. शेजाऱ्याचा प्राण अर्पण करण्याचा नाही. म्हणून दक्षता ही प्रेमातील उणीव नसून प्रेमाचेच कर्तव्य आहे.

हा बोध केवळ रुग्णालयांपुरता नाही. एका घरातून दुसऱ्या घरी जाणारा धर्मगुरूही रोग वाहून नेऊ शकतो. आजाऱ्यांच्या अभ्यंगाच्या वेळी गंभीर कारण असल्यास हाताऐवजी साधनाने तेल लावण्यास १९८३ च्या कॅनन कायद्याचे कलम १००० मुभा देते. ती घेतल्याने संस्काराला उणेपणा येत नाही. अंत्यविधीविषयीही तसेच. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची महासाथ पसरली असता प्रेताला स्पर्श करू न देण्याच्या नियमाने कुटुंबे दुखावली व काहींनी मृतांना लपविले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने धर्मपुढाऱ्यांच्या साहाय्याने सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाची पद्धती ठरविली. प्रार्थना, नामोच्चार आणि आप्तांची उपस्थिती राखून स्पर्श टाळावा, हे तिचे सार होय.

असा नियम शोकाकुल घरी प्रथम समजावून सांगण्याचे काम बहुधा धर्मशिक्षकाकडे येते. ते त्याने हुकूम म्हणून सांगू नये. जिवंत राहिलेल्यांवरील प्रेमाची मागणी म्हणून, त्यांच्या शेजारी बसून सांगावे.