दिवाणखान्यांतील संगणक : बसवावा कोणत्या वाटेनें?

वस्तु घरीं आणणें सोपें, पण ती घरांत बसविणें कठीण, हा अनुभव कोणत्याहि गृहस्थास नवा नाहीं. साधें जातें आणलें तरी तें कोणत्या कोपऱ्यांत मांडावें यावर पूर्वी घरांत चार मतें पडत. आज तीच गत घरगुती संगणकाची झाली आहे. चित्रपट, कीर्तनें, लग्नमुंजींचीं चित्रें, जुन्या ध्वनिफिती हें सर्व एका यंत्रांत साठवावें व तें टीव्हीच्या पडद्यास जोडावें, अशी हौस अनेक घरांत दिसते. त्यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर फुकट मिळतें. प्रश्न उरतो तो इतकाच कीं, तें यंत्रांत बसवावें कसें. वरवर पाहतां हा प्रश्न कारागिराचा. परंतु आमच्या घरीं तो आमच्या दिवंगत मातोश्रींच्या आवाजावर येऊन ठेपला, म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें वास्तव्य मेळघाटांत, धारणी येथें. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह व हरिसाल ओलांडलें कीं आमचें गांव लागतें. यांपैकीं हरिसाल हें आमच्याच तालुक्यांतील खेडें राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या योजनेमुळें २०१६ सालीं ‘डिजिटल गांव’ म्हणून गाजलें. तरीहि आमच्या घरीं पावसाळ्यांत इंटरनेट रेंगाळतें, चित्र मध्येंच थांबतें, आणि वीज तर सांगून जात नाहीं. तेव्हां जें घरांत साठविलें तेंच हक्काचें, असा आमचा अनुभव.

मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. आमच्या जुन्या संगणकांत तीच होती. त्यानंतर लगेच आलेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा नातू अमरावतीहून आला व म्हणाला, “आजोबा, आतां हें ओझें कशाला? सबंध डिस्क पुसून टाकूं आणि टीव्हीसाठीं नवी सिस्टीम बसवूं. अर्ध्या तासाचें काम!” आम्हीं मान डोलावली; मान डोलावण्यास अर्धा तासहि लागत नाहीं. इतक्यांत स्वयंपाकघरांतून प्रश्न आला, “अरे, पण सासूबाईंच्या ओव्या त्यांतच आहेत ना?”

आम्ही दोघेहि जागच्या जागीं थांबलों. आमच्या मातोश्रींच्या जात्यावरील ओव्या आम्हीं १९८८ सालीं कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. पुढें त्या गेल्या. कॅसेटहि दमट हवेनें बुरसटून निकामी झाली. मात्र तत्पूर्वीं ती संगणकांत उतरविली होती, व तेवढी एकच प्रत उरली होती. अर्ध्या तासाचें काम झालें असतें तर तो आवाज कायमचा गेला असता.

त्या दिवशीं आम्हीं नातवाकडून या विषयाचा रीतसर पाठ घेतला. टीव्हीवर घरचा संग्रह मांडून दाखविणारें ‘कोडी’ हें सॉफ्टवेअर मुळांत एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठीं जन्मलें. तेव्हां त्याचें नांव एक्सबीएमसी होतें. २०१४ सालीं तें बदललें. हें रिकाम्या फडताळासारखें आहे. तें स्वतः चित्रपट पुरवीत नाहीं; आपण जें ठेवूं तें नीट लावून दाखवितें. तें बसविण्याच्या मुख्य वाटा तीन.

पहिली वाट अशी कीं, चालू विंडोजमध्यें इतर सॉफ्टवेअरप्रमाणेंच कोडी घालावें. यांत डिस्कवरील कांहींहि पुसलें जात नाहीं, आणि नकोसें झाल्यास तें काढून टाकतां येतें. पत्रें, हिशेब, पेन्शनचे कागद, पैसे भरून पाहावयाचे चित्रपट, सर्व पूर्ववत् चालतें. दोष इतकाच कीं, आधीं विंडोज जागी व्हावयाची, मग कोडी उघडावयाचें. आणि जुनें यंत्र या दुहेरी भारानें धापा टाकूं लागतें.

दुसरी वाट नातवानें सुचविलेली. ‘लिब्रेइलेक’ नांवाची सिस्टीम २०१६ पासून मिळते. कोडी चालण्यापुरतें जें लागतें तेवढेंच तींत ठेवलेलें असतें. बटण दाबलें कीं थेट कोडीच पुढें येतें. ती उतरवून घेण्यास कांहींशेंच मेगाबाइट लागतात, ही आमच्यासारख्यांस मोठीच सोय. परंतु बसतांना ती सबंध डिस्क व्यापते. विंडोजला शेजारीं जागा देत नाहीं. शिवाय अशा यंत्रावर पत्र टंकितां येत नाहीं, कीं पीडीएफ पुस्तक वाचतां येत नाहीं. तें केवळ टीव्हीचेंच होऊन राहतें.

तिसरी वाट मधली. तीच लिब्रेइलेक पेन ड्राइव्हवर लिहून तेथूनच चालवावी व आंतील डिस्कला हात लावूं नये. पेन ड्राइव्ह काढला कीं संगणक पूर्ववत्. मात्र हा पेन ड्राइव्ह आधीं पूर्ण पुसला जातो, म्हणून तो रिकामा घ्यावा. तसेंच प्रथम येणाऱ्या पडद्यावर डिस्कवर बसविण्याचा व नुसतें चालवून पाहण्याचा असे दोन्ही पर्याय असतात. तेथें घाईनें बोट पडूं देऊं नये. पेन ड्राइव्ह डिस्कपेक्षां मंद चालतो व कालांतरानें झिजतो, हाहि दोष ध्यानांत ठेवावा.

लिब्रेइलेकचा एक गुण वीज वारंवार जाते अशा ठिकाणीं फार मोलाचा आहे. तिचा मुख्य भाग एका आवळलेल्या फाइलींत असतो व तो केवळ वाचण्यापुरता उघडला जातो. नित्य चालतांना त्यावर कांहीं लिहिलें जात नाहीं. आपल्या आवडीनिवडींची नोंद वेगळ्या भागांत होते. त्यामुळें वीज अचानक गेली तरी मूळ सिस्टीम सहसा बिघडत नाहीं. मात्र त्याच क्षणीं एखादी फाइल लिहिली जात असेल तर तिला धोका असतोच.

संस्कृतांत सूचीकटाहन्याय म्हणून आहे. लोहाराकडे सुई व कढई अशीं दोन कामें आलीं तर तो आधीं सुई करून देतो, मग कढईस हात घालतो. आम्हींहि तोच क्रम धरला. प्रथम ओव्यांच्या दोन प्रती केल्या. एक बाहेरच्या डिस्कवर ठेवली, दुसरी नातवानें अमरावतीस नेण्यास घेतली. नक्कल झाली असें यंत्र म्हणालें, तेवढ्यावर विसंबलों नाहीं. दोन्ही प्रती आरंभापासून अखेरपर्यंत ऐकल्या. नंतर पेन ड्राइव्ह सिद्ध केला. चित्र आलें, पण आवाज येईना! सेटिंगमध्यें ध्वनीचा मार्ग एचडीएमआय असा निवडतांच तोहि आला. डिस्क पुसण्याची कढई मात्र अद्याप चुलीवर चढलेली नाहीं, व चढविण्याची निकडहि भासत नाहीं.

वाचकांस आमचें सांगणें असें. घरांत एकच संगणक असेल व त्यावर सर्वांचीं कामें चालत असतील, तर पहिली वाट धरावी. जुनें यंत्र विंडोजच्या भारानें थकत असेल, तर तिसरी. दुसरी वाट केवळ त्याच यंत्रासाठीं, ज्याच्या पोटांत आपलें कांहींहि उरलेलें नाहीं. नवीन कांहीं घ्यावयाचेंच असेल, तर २०१२ पासून विकलें जाणारें रास्पबेरी पाय हें तळहाताएवढें यंत्र आहे; त्याची सिस्टीम मेमरी कार्डावर राहते, म्हणून जुन्या डिस्कचा प्रश्नच उद्भवत नाहीं. वाट कोणतीहि असो, प्रती आधीं, सिस्टीम मागाहून.

त्या रात्रीं दिवाणखान्यांत जात्याची घरघर घुमली व तींतून मातोश्रींचा आवाज उमटला. नातवानें पणजीला पाहिलेलें नव्हतें. तो मांडी घालून ऐकत बसला. दुसरी ओवी अर्ध्यावर असतां वीज गेली. कंदील लावून आम्ही तसेच बसून राहिलों. वीज आल्यावर बटण दाबलें. सर्व कांहीं जागच्या जागीं होतें. नातू कोडी उघडण्याची वाट पाहत होता, तोंच आमची गृहिणी म्हणाली, “पहिल्यापासून लाव रे.”