झरीची सभा, गंजाडची भिंत

युरोपातलं महायुद्ध 8 मे 1945 रोजी संपलं. त्यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी, 23 मे रोजी, तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली आदिवासी जमले. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं नाही, रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय त्याच्या बांधावर पाऊल ठेवायचं नाही आणि कोणी मारायला उठला तर निमूट मार खायचा नाही, असं त्या सभेत ठरलं. जगाच्या नकाशावर तलासरीत कुठलंही युद्ध चालू नव्हतं. तरी वेठीला नेलेल्या माणसाच्या पाठीवर चाबूक पडतच होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही जन्मभर सावकाराकडे राबत. अशा जोडप्याला ‘लग्नगडी’ म्हणत.

या लढ्यात गोदावरी परुळेकर होत्या. पाड्यापाड्यावर त्यांना ‘गोदूताई’ म्हणत. त्यांचा तलासरीपर्यंतचा रस्ता युद्धविरोधातून गेला होता. महायुद्धाचा निषेध म्हणून 2 ऑक्टोबर 1939 रोजी मुंबईच्या सुमारे 90,000 कामगारांनी एक दिवसाचा संप केला. त्या काळच्या युद्धविरोधी प्रचारापायी इंग्रज सरकारने गोदूताई आणि त्यांचे पती शामराव परुळेकर यांना तुरुंगात टाकलं. 1942 मध्ये दोघं सुटले. पुढे जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथे माह्या धांगडा यांच्यासोबत काही वारली आले, त्यांनी आपली कैफियत मांडली आणि परुळेकर दांपत्य त्यांच्या मुलखात जाऊन पोहोचलं.

हा इतिहास सरळ रेषेतला नाही, हेही सांगायला हवं. 1941 मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि परुळेकर ज्या पक्षात होते त्या कम्युनिस्टांची भूमिका पालटली. कालपर्यंत साम्राज्यशाहीचं असलेलं युद्ध आता ‘लोकयुद्ध’ झालं. शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला तो या वातावरणात. पोवाडा मुळातच रणात रमणारा प्रकार. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा गायला, तेव्हापासून मराठी शाहिराची डफावरची थाप तलवारीच्या जोडीनेच ऐकू आली. पण त्याच अण्णा भाऊंनी ‘बंगालची हाक’ही लिहिली. 1943 च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि युद्धकाळातली सरकारी धोरणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. आघाडीपासून दूर, रिकाम्या हंडीपाशी युद्ध काय करतं, ते शाहिराने गिरणगावातल्या श्रोत्यांसमोर उभं केलं. युद्धविरोधी कलेचं खरं काम मला इथे दिसतं. जय-पराजयाच्या हिशेबात ज्यांची नोंदच होत नाही, त्यांना ही कला गोष्टीच्या मध्यभागी आणून बसवते.

वारल्यांच्या मुलखात तशी गोष्ट लवकरच घडली. पावसाळा सरला, गवतकापणीचे दिवस आले आणि वाजवी मजुरीसाठी वारल्यांनी संप पुकारला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला गोदूताईंची सभा आहे, अशी खोटी खबर पसरवण्यात आली. आपल्या बाईला दगा होईल या काळजीने हजारो माणसं तिथे गोळा झाली. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. जपानने शरणागतीवर सही केल्याला तेव्हा महिना-सव्वा महिनाच झाला होता. आजही 10 ऑक्टोबरला या भागात हुतात्मा दिन पाळतात.

सरकारी दफ्तरात अशा प्रसंगाचं वर्णन ‘कायदा आणि सुव्यवस्था’ या शब्दांत उरकलं जातं. गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहून ते वर्णन पुसून टाकलं. हे पुस्तक 1970 मध्ये आलं आणि 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आकडे आणि ठराव त्यात आहेत, पण पुस्तक लक्षात राहतं ते माणसांमुळे: भीतीने मान खाली घालणारी, मग हळूहळू नजर वर उचलणारी आणि शेवटी जमीनदाराच्या अंगणात उभं राहून ‘नाही’ म्हणणारी माणसं.

याच मुलखात गोष्ट सांगण्याची आणखी एक रीत फार जुनी आहे. मसोली-डहाणूपासून गंजाड, तलासरीपर्यंत वारली घरांत लग्न निघालं की सवासिनी भिंतीवर चौक लिहितात. शेणाने किंवा गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. चौकात पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि चौकाला देवत्व येतं. माणूस काढायचा तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायचे, वर डोक्याचा गोळा आणि काडीसारखे हातपाय. चेहरा नाही. तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणारे एकमेकांना धरून फेर धरतात, आणि त्यात नायक कोण हे बोट ठेवून सांगता येत नाही.

1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या चित्रकारांना कागद आणि रंग दिले. भिंतीवरची चित्रं कागदावर आली, बायकांच्या हातातली काडी पुरुषांच्याही हाती गेली आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये ते गेले. लग्नचौक निषेधासाठी नव्हता, आजही नाही. मात्र ज्या हाताला साऱ्या गावाची गोष्ट एका भिंतीवर मांडता येते, त्याला गावावर आलेलं संकटही मांडता येतं. गंजाडचेच राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासोबत 2013 पासून नेमकं हेच केलं. गिल यांनी गावाची कृष्णधवल छायाचित्रं काढली. वांगडांनी त्या छायाचित्रांवर शाईने बारीक आकृत्या भरल्या: जुनं जंगल, देव, दुष्काळ, कारखाने. कॅमेऱ्याला मोकळं माळरान दिसलं. तिथे काय काय होऊन गेलं, ते वांगडांना ठाऊक होतं.

जगातली गाजलेली युद्धविरोधी चित्रं संकट सोसणाऱ्यांची गोष्ट मांडण्याच्या याच वाटेने गेली आहेत. 26 एप्रिल 1937 रोजी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले आणि पिकासोने काही आठवड्यांत पावणेआठ मीटर रुंदीचं चित्र रंगवलं. त्यात विमान नाही, बॉम्ब नाही. मेलेलं मूल घेतलेली आई आहे, किंचाळणारा घोडा आहे. जपानमध्ये इरी आणि तोशी मारुकी या दांपत्याने 1950 पासून तीस-बत्तीस वर्षं हिरोशिमाची चित्रमालिका रंगवली.

सत्तेला अशा गोष्टी खुपतात. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर आनंद पटवर्धन यांनी मुंबईतून ‘जंग और अमन’ हा माहितीपट केला. भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका इथली माणसं त्यात बोलतात. सेन्सॉर मंडळाने 21 ठिकाणी कात्री लावायला सांगितलं. पटवर्धन कोर्टात गेले आणि 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही काट न लावता तो दाखवायची मुभा दिली.

आज वारली आकृत्या कपांवर, साड्यांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसतात. कलाकारांच्या घरात त्यामुळे चार पैसे येतात, ते यायलाच हवेत. पण त्या कपातून चहा पिणाऱ्या बहुतेकांनी तलवाड्याचं नाव ऐकलेलं नसतं. ज्या हातांनी तारप्याचा फेर जगाला दिला, त्यांच्याच आज्या-पणज्यांनी गोळ्या झेलल्या, हे शाळेच्या पुस्तकातही ठळकपणे यायला हवं. मुंबईत आरेच्या जंगलासाठी लढणारे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांनी मात्र ही आठवण गाण्याच्या नावातच ठेवली. ‘स्वदेसी’ या रॅप गटासोबत त्यांनी केलेल्या गाण्याला नाव दिलं आहे ‘द वारली रिव्होल्ट’. त्यात पाड्यावरची बोली आणि शहरातल्या पोरांचा रॅप एकाच ठेक्यावर चालतात.