कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे!

समजा, लोणावळ्यातल्या पावसाच्या नोंदवहीत जुलैमधल्या एका तारखेपुढे काहीच लिहिलेलं नाही. पाऊस पडला नाही, की त्या दिवशी कुणी मोजलाच नाही? लोणावळा आणि जुलै म्हटल्यावर तुम्ही लगेच ओळखाल. पण तीच नोंद संगणकात चढवताना आपण सहज शून्य टाकून मोकळे होतो, आणि सरासरी बिघडते.

हा फरक शिकायचा असेल तर नगरसेवकपदाचा उमेदवारी अर्ज बघा. लोणावळा नगरपरिषदेसाठी 10 ते 17 नोव्हेंबर 2025 या काळात अर्ज भरले गेले, 18 तारखेला छाननी होती. अर्जासोबत शपथपत्र जोडावं लागतं. त्यात गुन्हे, शिक्षण, मालमत्ता आणि देणी यांची माहिती द्यायची. मालमत्ता जोडीदाराची आणि अवलंबितांचीही सांगायची.

आता जोडीदाराच्या जमिनीचा रकाना घ्या. उमेदवार अविवाहित असेल तर तिथे ‘लागू नाही’. लग्न झालंय, पण पत्नीच्या नावावर मावळात काय, कुठेच गुंठाभरही जमीन नाही, तर ‘निरंक’. आणि कोरा रकाना? त्याचा अर्थ एवढाच, की उमेदवाराने सांगितलेलं नाही.

हा नुसता कारकुनी काटेकोरपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ‘रिसर्जन्स इंडिया’ प्रकरणात लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांबाबत सांगितलं, की कोरे रकाने मतदाराचा माहितीचा हक्क मारतात. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने आठवण करून द्यावी. तरीही रकाने भरले नाहीत, तर अर्ज फेटाळता येतो.

उद्या अशा शपथपत्रांवर तुम्ही प्रबंध लिहायला घेतलात, आणि ‘निरंक’, ‘लागू नाही’ व कोरा या तिन्हींसाठी शून्यच टाकलं, तर काय होईल? ज्याने मालमत्ता सांगितलीच नाही, तो तुमच्या तक्त्यात सगळ्यात गरीब ठरेल! पुढे संख्याशास्त्राची कितीही भारी चाचणी लावा, ती चूक सापडणार नाही. कारण ती गणितात नाही, नोंदीत आहे.

म्हणून तिन्हींना वेगळे संकेत द्या, आणि ते कशाचे ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आपलंच शून्य आपल्याला ओळखू येत नाही.